उंदीरमावशींची झाकणाची कुपी

आमच्या शेजारणीला मी उंदीरमावशी म्हणतो. तोंडावरच म्हणतो, पाठीमागे म्हणण्यात काय मजा? बावीस वर्षं त्या प्रयोगशाळेत उंदरांचे मेंदू आणि मज्जारज्जू काढून तोलतायत. मी त्याच संस्थेत टंकलेखक. माझं टेबल त्यांच्या दाराला लागून, आणि कान टेबलाच्याही पुढे.

मावशींचं जाडजूड रजिस्टर सांगतं की उंदीर दुप्पट जड झाला म्हणून त्याचा मेंदू दुप्पट होत नाही, जरासाच वाढतो. मज्जारज्जू मात्र अंगाच्या लांबीबरोबर चांगला वाढतो.

"भाऊजी, तुमच्या पोटाकडे बघितलं की मला हाच नियम आठवतो," त्या मला म्हणतात. "मेंदूचं वाढायचं राहून गेलं."

यंदा नवे साहेब आले. हुशार, पण घाईचे. त्यांनी स्वतः चाळीस उंदीर तोलले, तर थोराड उंदरांचा मज्जारज्जू लहानांपेक्षा जेमतेम जड निघाला.

"मावशी, तुमचे आकडे अंदाजपंचे दिसतात. रजिस्टर रद्दीत काढू या."

मावशींचा चेहरा पडला. बावीस वर्षं रद्दीत जायची होती. त्या वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मागे उभं राहून त्यांनी फक्त पाहिलं.

"सर, मोठ्या उंदराचा कणा उघडायला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"वीसेक मिनिटं. लहानाचं आठात होतं."

"आणि तेवढा वेळ वर पंखा?"

"मग काय, उकडतंय."

मावशींनी संचालकबाईंना बोलावून आणलं. मीही एक कागद घेऊन सहीसाठी आत शिरलो. सही कुणाची हवी होती, ते मलाही ठाऊक नव्हतं. मावशींनी पंखा बंद केला. कण्याचा उघडा झालेला भाग ओल्या फडक्याखाली ठेवत एकेक हाड काढलं. मज्जारज्जू निघाला तसा झाकणाच्या काचेच्या कुपीत टाकून तोलला. मग तोच मज्जारज्जू उघड्या बशीत, पंख्याखाली, घड्याळ लावून वीस मिनिटं. आम्ही सगळे बशीभोवती पाहुण्यांसारखे उभे.

पुन्हा तोलला. काटा चांगलाच खाली आलेला.

"सर, उंदीर तोच, मज्जारज्जू तोच," मावशी म्हणाल्या. "वाळला तेवढा हलका झाला. मोठा उंदीर तुमच्याकडे जास्त वेळ वाळतो."

साहेबांनी स्वतः आणखी एकदा तोलून पाहिलं. मग आपल्या चाळीस आकड्यांवर उभी रेघ मारली. "माझेच रद्दीत, मावशी. कुपी धरायची कशी, ते दाखवा."

परवा साहेबांचा शोधनिबंध टाईप करायला माझ्याकडे आला. पहिलाच तक्ता रजिस्टरातला, आणि साहेबांच्या शेजारी लेखक म्हणून मावशी. मी नाचतच मावशींना कागद दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"वडिलांचं नाव राहिलंय, भाऊजी. पूर्ण घाला."

मी अख्खं पान नव्यानं टाईप केलं. एवढ्या खुशीत मी कधी चूक दुरुस्त केलेली नाही.