सारवलेला कोपरा

लातूर जिल्हा नवा झाला, आमच्या गल्लीत अनोळखी भाडेकरू आले आणि त्यातच पडलेल्या दुष्काळात शेजारच्या बाईंनी चोरांचा धसका घेतला. कुलूप लावून त्या ओढून पाहत, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत. "भाऊ, माणसं लई वाढायलीत. घराकडं बघा जरा," असं मला रोज बजावत.

लेकीच्या लग्नासाठी जपलेली बोरमाळ त्यांनी स्वयंपाकघराच्या मातीच्या भुईत पुरली. उकरलेलं दिसू नये म्हणून वर शेणानं सारवलं. सगळं घर सारवण्याइतकं पाणी तेव्हा कुणाकडेच नव्हतं. तेवढ्या जागेसाठी त्यांनी प्यायच्या घागरीतलं तांब्याभर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी बाजाराला गेल्या आणि चोरी झाली. डबे, उतरंड, गोधड्या, कशालाच हात लागलेला नव्हता. भुईत एकच खड्डा होता.

"मावशी, जागा कुणाला सांगितली होती?" हवालदारानं विचारलं.

"कुणालाच न्हाई. लेकीलाबी न्हाई."

मग त्यांची नजर भुईवरून फिरली. सगळीकडं ती वाळून उललेली होती. खड्ड्याच्या कडेला तेवढं ओलसर, हिरवट सारवण होतं.

"म्याच दावलं की, साहेब," त्या म्हणाल्या. दारात उभ्या लेकीकडं त्यांनी पाहिलं नाही.