सोनाजीचा बाभळीचा जिना

हिंगोलीकडच्या गोरेगावात दाराची चौकट करायची म्हटली की लोक सोनाजी सुताराकडंच जायचे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चालायचं. वर लाकूड वाळत ठेवायला माळा होता आणि माळ्यावर जायला बांबूची शिडी. तिची एक पायरी फुटलेली, तारेनं आवळलेली. बायको चंद्रभागाबाई म्हणायची, लोकांच्या घरी जिने बसवता, आपल्या घरी एक नीट शिडी न्हाई. हातातलं काम उरकलं की करतो, असं तो म्हणायचा. हातातलं काम कधी उरकत नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी तो चौकटीचा सांधा दाबून बसला होता. चिकटवायला लावलेला सरस ओला होता, हात काढता येईना. त्यानं बायकोला वरून एक फळी टाकायला सांगितलं. ती चढली, फळी खाली सोडली आणि उतरताना तारेची पायरी तुटली. ती पाठीवर, कामाच्या बाकाच्या कडेवर आपटली.

जीपनं सेनगाव, तिथून हिंगोली, मग नांदेड. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सोनाजीला बाजूला घेऊन सांगितलं, कमरेखालचं अंग आता चालणार नाही.

घरी आणल्यावर त्यानं तिची बाज शेडमध्येच टाकली, नजरेसमोर राहावी म्हणून. पण कामाला त्याचा हात लागेना. हत्यारं गंजायला आली. मग एक दिवस परसात पडलेलं बाभळीचं जुनं खोड त्यानं चिरून आणलं आणि जिना करायला घेतला.

चंद्रभागाबाईचा भाऊ प्रभू बहिणीजवळ राहायला आला होता. तो म्हणाला, "दाजी, वेल्डिंगवाल्याला सांगू. लोखंडाचा लवकर व्हतो. बाभळीशी काहून झटून राहिले?"

सोनाजीनं ऐकलं नाही. बाभूळ पटाशीला दाद देत नव्हती, तळहाताला फोड आले. बाजूच्या दोन जाड फळ्यांत त्यानं पायरी-पायरीसाठी खाच पाडली, पायरी तिच्यात ठोकून बसवली, मागून पाचर मारली. खिळ्यावर भार ठेवलाच नाही. सबंध पाऊल मावेल एवढी रुंद पायरी, बेताचा चढ, दोन्हीकडं धरायला कठडा. ओल लागू नये म्हणून खालची टोकं फरशीवर टेकवली. शेवटी सोयाबीनचं पोतं पाठीवर घेऊन तो एकेका पायरीवर थांबत वर गेला. जिना कुरकुरला नाही.

चंद्रभागाबाई बाजेवरून बघत होती. "आता कोण चढणार हाय ह्याच्यावर?" ती म्हणाली.

सोनाजी कठडा घासत राहिला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला वर न्या."

त्यानं नको नको म्हणून पाहिलं, ती ऐकेना. मग प्रभूनं तिला सोनाजीच्या पाठीवर दिलं, धोतरानं बांधलं आणि मागून आधार देत चढला. तिचे पाय दोन्हीकडून लोंबत होते. माळ्यावर फळ्यांच्या थप्पीला टेकवून तिला बसवलं. ती बराच वेळ खाली पायऱ्यांकडं बघत राहिली.

"बराबर केला," ती म्हणाली. "एवढंच आधी करायचं व्हतं."

सोनाजी तिच्यासमोर बसला आणि तोंडाला रुमाल लावून रडला. तिनं त्याची समजूत काढली नाही.

उन्हाळ्यात तिच्या पाठीला जखमा झाल्या. पत्रा तापतो म्हणून बाज घरात नेली. सोनाजी तिची कूस बदलायचा, जखमा धुवायचा, रात्र रात्र वारा घालायचा. जखमा चिघळल्या, ताप उतरेना, आणि मृग निघायच्या आत ती गेली.

कळमनुरीला दिलेली मुलगी अंजली तेराव्यापर्यंत राहिली. ती बापाचं ताट वाढून ठेवायची आणि आत निघून जायची. प्रभूनं समजवायला पाहिलं तर तिनं त्यालाच विचारलं, आई इतकी वर्षं सांगून राहिली होती, तवा कोणी ऐकलं का?

निघायच्या दिवशी सोनाजी तिची पिशवी घेऊन जीपपर्यंत गेला. जीप भरेपर्यंत दोघं थांबले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा तिनं बापाकडं पाहिलं.

"बाबा, माळ्यावर एकटे असताना चढू नका."

त्यानं मान हलवली. जीप सेनगावच्या रस्त्याला लागली.

दोन दिवसांनी त्यानं शेड उघडलं, कारण गावातल्या एका घराच्या दाराचं काम अडून राहिलं होतं.  आता काम करताना गिऱ्हाइकानं काही सांगितलं तर तो रंधा थांबवतो, ऐकून घेतो आणि पुन्हा चालवायला लागतो.