परकार सरांचा कोळसा

दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत असतानाच भाभींचा, म्हणजे परकार सरांच्या पत्नीचा, फोन आला. ‘‘गेले गो ते…’’ एवढंच बोलल्या. तासाभरापूर्वी मी सरांच्या उशाशी बसून उठले होते. आगरदांड्याला न उतरता त्याच बोटीने परत फिरले. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडून झालंय. आता आठवतं ते बहुतेक हसूच येईल असं आहे.

सर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. घराणं व्यापाराचं, भाऊ सगळे आखातात. हे एकटेच परीक्षानळ्या सांभाळत इथे राहिले, म्हणून नातेवाईक त्यांची यथेच्छ थट्टा करत. निवृत्तीनंतर त्यांनी परसात भट्टी बांधली आणि करवंट्यांचा कोळसा करायला घेतला. साधा नव्हे, वाफेत तापवून डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पाडलेला. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्या भोकांच्या भिंतींना चिकटावा, मग तापवलं की सुटावा आणि कोळसा पुन्हा कामाला लागावा, असा सगळा बेत. ‘‘तो पिऊन टाकत न्हाय गो, अंगाला धरून ठेवतो,’’ सर म्हणायचे. हा फरक नीट सांगता येईपर्यंत चहा मिळायचा नाही.

माझी पीएच.डी. याच कोळशावर होती. मुंबईच्या प्रयोगशाळेत, कोळसा किती वायू धरतो याच्या मोजणीसाठी, मोठ्या मिनतवारीने नंबर लागला होता आणि फेलोशिपची मुदत संपत आली होती. आकडा कमी आला तर काम सोडून बोर्लीला घरी बसायचं, हे ठरल्यासारखंच होतं. घरच्यांनी स्थळं बघायलाही सुरुवात केली होती. त्यात पावसाळा. आमच्याकडे पावसाळ्यात काडेपेटीसुद्धा सादळते. नमुना कोरडा राहावा म्हणून सरांनी तो परातीत पसरला आणि घरातल्या सर्वांत कोरड्या जागी, चुलीवरच्या माळ्यावर ठेवला. शेजारी भाभींची वर्षभराची सुकट आणि बोंबील!

आकडा इतका कमी आला की मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. फोनवर सरांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, ‘‘परात कुठं होती, आठवतं ना? माझंच चुकलं. सुकटीच्या वासानंच पोट भरलंय त्याचं. आता दुसरं कुठं बसणार?’’ दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीने मुंबईत हजर. प्रयोगशाळेच्या प्रमुखांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘चूक माझी आहे, या मुलीची नाही. मोजणीआधीचं नेहमीचं तापवणं पुरलेलं नाही. जास्त आच देऊन पुन्हा रिकामा करू, एकदा मोजू द्या.’’ सुकट ऐकून प्रमुख आधी पोट धरून हसले, मग तयार झाले. कोळसा तापला तेव्हा असा काही वास सुटला की मुलं खिडक्या उघडायला धावली. नंतरचा आकडा बघून माझ्या जिवात जीव आला. आज मी जी काही आहे, ती एका म्हाताऱ्या माणसाने चारचौघांत स्वतःची चूक मोकळेपणाने सांगितली म्हणून. हे मी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

चाळिसावा झाल्यावर भाभींना भेटायला गेले. त्यांनी सरांची खोली उघडली. पलंगाशेजारी कोळशाची एक बरणी होती. आजारी पडण्याआधी सरांनी केलेला हा शेवटचा कोळसा. आजारपणाच्या गडबडीत बरणी उघडीच राहिलेली. ‘‘तुझ्यासाठी केला होता. घेऊन जा,’’ भाभी म्हणाल्या.

मी सांगितलं, मोजण्याआधी तो तापवावा लागेल. इतके महिने या खोलीतलं जे काही त्यात बसलंय, अत्तर, बाम, कदाचित त्यांचा श्वाससुद्धा, ते बाहेर जाईल.

‘‘सगळं?’’

‘‘सगळं, भाभी.’’

त्यांनी झाकण शोधलं, बरणीवर घट्ट बसवलं आणि ती पुन्हा पलंगाशेजारी ठेवली.

‘‘मग तू दुसरा कर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘करवंट्या मी जमवून ठेवते.’’