डाव्या हाताची रेघ

खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं, म्हणून गाडीचा मागचा दिवा बदलायचं काम मी आदल्या दिवशी काढलं. गुरुवार होता, चाकणला गुरुवारची सुट्टी. दिवा एका कोपऱ्यात, बरोबर बोल्टपाशी तडकला होता आणि मी त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळून दोन महिने हिंडत होतो. बायको माझ्या मागं बसायची. दापोडीहून निघायचं, तिला भोसरीला तिच्या कंपनीवर सोडायचं आणि मोशीवरून पुढं चाकण, हा आमचा रोजचा रस्ता. पहिल्या शिफ्टला निघतो तेव्हा थंडीच्या दिवसांत उजाडलेलं नसतं आणि मागं कंटेनर लागलेले असतात.

"मागचा दिवा गेला ना, तर आधी मी जाणार," ती म्हणायची. "तुम्ही पुढं शिट्टी वाजवत जाल."

"गप गं," मी म्हणायचो. पण खोटं काही बोलत नव्हती ती.

गाडी मेकॅनिककडे टाका, असंही ती म्हणाली होती. मला राग आला. मेकॅनिककडे? मी? तेरा वर्षं झाली, मी दुसरं करतो काय? आमच्या कंपनीत दुचाक्या बनतात. बेल्टवरून गाडी येते, मी मागचा दिवा जागेवर धरतो, तीन बोल्ट बोटांनी दोन-तीन आटे आत फिरवतो, मग हवेची गन लावतो. गन घर्रर्र करते, खट् म्हणते, डोक्यावर हिरवा दिवा लागतो. मग पेंटच्या पेननं बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ ओढायची. बोल्ट पुढं कधी हलला तर रेघ तुटते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं. आमच्या शिफ्टची रेघ पिवळी, दुसऱ्या शिफ्टची पांढरी. ठेकेदार बदलले, टोपीचा रंग बदलला, मी मात्र त्याच जागेवर.

त्यात मी डावखुरा. बाकीच्यांची रेघ उजवीकडे झुकते, माझी डावीकडे. चार वर्षांपूर्वी ही गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या गोडाऊनमध्ये मी एकेका गाडीच्या मागं वाकून बघत सुटलो होतो. तिथला पोरगा वैतागला, "काका, सगळ्या सारख्याच आहेत." म्हटलं, थांब रे बाबा. बाराव्या का तेराव्या गाडीला माझी रेघ सापडली. बायकोला खाली वाकवून दाखवली, "ही बघ, ही माझ्या हातची." ती म्हणाली, "बरं, आता पेढे आणा." तीच गाडी घेतली.

तर त्या गुरुवारी दुपारी दारासमोर गोणपाट टाकून बसलो. दोन बोल्ट निघाले. तिसरा हलेना. तडा होता तोच कोपरा. त्याच्यावरची पिवळी रेघ जशीच्या तशी होती, चार वर्षांत केसभर सरकली नव्हती. मी खूश झालो, काय सांगू! बायकोला आतून हाक मारून दाखवलं, "याला म्हणतात फिटिंग!"

"मग काढा की आता," ती म्हणाली.

रॉकेल सोडलं, थांबलो. पाना लावला, घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. बोल्टच्या डोक्याच्या कडा झिजून गोल झाल्या, मग वरच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून जोर दिला तर तीही खाच गेली. गंजलाय, म्हटलं. पावसानं धरलाय. नवीन पाने असेच येतात, पोलाद कुठं राहिलंय आता. मोशी-चाकण रस्ता काय रस्ता आहे का, त्यानंच जाम झाला. बायको तांदूळ निवडत उंबऱ्यावर बसली होती. "नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. मी पाना भिंतीवर फेकून मारला.

खरं सांगायचं तर तो पाना त्याआधी तीनदा माझ्या हातातून आपोआप पडला होता.

बोटं बधिर झाली होती. डाव्या हाताची पहिली तीन, मुळापासून. ही बोटं माझ्या ओळखीची होती. थंडीत मोशीच्या पुढं गेलो की ती पांढरीफटक पडायची, खडूसारखी, आणि कंपनीत पोचल्यावर अर्धा तास मुंग्या यायच्या. गार वारं लागतं, मी म्हणायचो. लाइनवरचे सगळेच म्हणायचे, वारं लागतं. पण आता ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं, शर्ट पाठीला चिकटला होता, वारं नावाला नव्हतं. मी बोटं दाताखाली धरून बघितली. दाबलेलं कळत होतं, चावलेलं कळत नव्हतं.

आणि पुढच्याच सोमवारी तपासणी होती. वर्षातून एकदा कंपनीत डॉक्टर येतो, कान बघतो, डोळे बघतो, छाती बघतो आणि हादरणाऱ्या गनवर काम करणाऱ्यांना विचारतो, बोटांना मुंग्या येतात का, बोटं पांढरी पडतात का. आम्ही सगळे म्हणतो, नाही. आत जायच्या आधी चहाचा गरम ग्लास दोन्ही हातांत घट्ट धरून बसायचं, म्हणजे बोटं लाल राहतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही, नवा माणूस बघून शिकतो. एकानं एकदा खरं सांगितलं होतं, हो साहेब, येतात. चांगली तब्येत होती त्याची, माझ्याच वयाचा. त्याला गनवरून काढून बाहेर आवारात रिकामी खोकी लावायला दिलं आणि ठेकेदाराच्या पुढच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. तेव्हापासून लाइनवर एकच म्हण चालते, हात दाखवून अवलक्षण कशाला?

शेवटी गाडी ढकलत रेल्वेच्या रुळाशेजारी गॅरेज असलेल्या चाचांकडे नेली. म्हातारा माणूस, आमच्या गल्लीतल्या अर्ध्या गाड्या त्यांच्या हातून गेलेल्या. त्यांनी बोल्टकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुणी मारामारी केली याच्याशी?"

"मीच."

"कंपनीवाले तुम्ही, लावायचं माहीत, काढायचं नाही," ते हसले. "भाऊ, जुना दिवा टाकूनच द्यायचाय ना? मग त्याला सांभाळता कशाला?" असं म्हणून त्यांनी हातोडीनं तो कोपरा फोडला. कडकन तुकडा उडाला आणि बोल्टचा दांडा बोटभर मोकळा झाला. पक्कड दांड्याला लावली, थोडं इकडं, थोडं तिकडं, तेलाचा थेंब, पुन्हा इकडं, तिकडं. दात शिवशिवतील असा आवाज करत तो बाहेर आला.

चाचांनी चष्मा वर सारून तो उन्हात धरला आणि मग माझ्या तळहातावर ठेवला.

"गंज दिसतोय कुठं? नाही ना. नव्यासारखा आहे. हे आटे बघा, एका बाजूनं सगळे खाल्लेले. तिरका घातलाय, भाऊ. बोटांनी लावताना वाकडा धरला आणि वरून मशीन मारली. मशीनला काय कळतं, ती घुसवते. तेव्हापासून या कोपऱ्यावर ताण होता, म्हणून तर दिवा तडकला. मला आश्चर्य वाटतं ते हे की बोटाला कसं कळलं नाही? वाकडा बोल्ट बोटाला आधी कळतो. कोण आंधळा बसवला होता तिथं!"

बोल्टच्या झिजलेल्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका उरला होता. पत्र्यावर उरलेली अर्धी रेघ होती. डावीकडे झुकलेली.

मी हसलो. काय करणार? "कंपन्यांमध्ये आजकाल कुणालाही घेतात, चाचा," असं म्हणालो मी. माझ्या तोंडून गेलं ते. चाचांनी मान हलवली, भोकातले आटे नव्यानं पाडले, थोडा जाड बोल्ट काढला आणि लावता लावता मला दाखवलं, "आधी उलटा फिरवायचा. हळू. आटा आट्यावर आला की बारीकसा टक् लागतो बोटाला. मग सुलटा. मग जन्मात तिरका जात नाही." त्यांनी माझा हात ओढून बोट त्यावर ठेवलं आणि बोल्ट उलटा फिरवला. "लागला?"

"लागला," मी म्हणालो. मला काही लागलं नव्हतं.

नवा दिवा लागला. ब्रेक दाबला की लालभडक. मी गाडीवर बसून घरी आलो, पण रस्ताभर डोक्यात हिशेब एकच. चार वर्षं. मी म्हणत होतो गेल्या थंडीत सुरू झालं, फार तर त्याच्या आधीच्या. म्हणजे चार वर्षांपूर्वीच माझं बोट मेलं होतं. त्यानंतर मी किती दिवे बसवले? एका शिफ्टला चारशेच्या आसपास गाड्या पुढं सरकतात. प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर कुणी ना कुणी बसतंच की राव. कुणाची बायको, कुणाचं पोर.

घरी येऊन पाणी प्यायलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. बोटं, मुंग्या, चहाचा ग्लास, बोल्ट, रेघ. मला वाटलं ती घाबरेल, रडेल. तिनं तांदळाचं ताट बाजूला ठेवलं.

"दीड वर्ष झालं, सकाळी तुमच्या शर्टाची बटणं मी लावतेय," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं, लाड करतेय?"

मला खरंच तसंच वाटलं होतं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर ही अशी जवळ येते, बटणं लावते, मला आतून बरं वाटायचं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण बरं वाटायचं. लोणच्याच्या बरणीचं झाकणही ती माझ्यासाठी आधीच सैल करून ठेवायची, हे मला त्या दिवशी कळलं. आतल्या खोलीत आमच्या पोरीची पुस्तकं होती, ती ताथवड्याला इंजिनिअरिंगला आहे. तिची दोन वर्षं राहिली होती.

"सोमवारी काय सांगू?" मी विचारलं.

ती उठली, ताट घेतलं, आत जाता जाता म्हणाली, "चहा जरा कडकडीत घ्या."

दुसऱ्या दिवशी कंपनीत पूजा झाली. दरवर्षी होते. बेल्ट बंद, फरशी धुतलेली, प्रत्येकाच्या गनला झेंडूची माळ, कुंकू, समोर नारळ. बाकीच्यांनी हात जोडले तसे मीही जोडले. तेरा वर्षं हिला नमस्कार केला मी, हिनंच माझी बोटं खाल्ली, असा संताप आला की ती माळ ओढून तोडावीशी वाटली. पण प्रसादाचा पेढा हातावर पडला आणि मी तो खाल्ला.

सोमवारी डॉक्टरच्या खोलीबाहेर आम्ही आठ-दहा जण बाकावर बसलो होतो. सगळ्यांच्या हातात ग्लास. माझा चहा कडकडीत होता, ग्लास भाजत असणार, कारण उजव्या हाताला चटका बसत होता. डाव्याला नुसतं काहीतरी धरलंय एवढंच. आत गेलो. तरुण डॉक्टर होता, घाईत होता. त्यानं दोन बोटं पुढं केली, म्हणाला, दाबा. मी उजव्यानं दाबली. डाव्या हाताचं बोलायच्या आधीच त्यानं मान खाली घालून लिहायला घेतलं.

"मुंग्या येतात?"

"नाही."

"बोटं पांढरी पडतात?"

"नाही, साहेब."

त्यानं शिक्का मारला. फिट.

मी लाइनवर परत आलो. पहिली गाडी समोर आली. दिवा धरला, दोन बोल्ट लावले, तिसरा हातात घेतला. चाचांनी सांगितलं होतं तसा आधी उलटा फिरवला. हळू. डोळे मिटून सगळा जीव त्या बोटात आणला. टक् लागेना. पुन्हा फिरवला. आजूबाजूला दहा गन घर्रर्र करत होत्या, कानालाही ऐकू येईना. गाडी पुढं सरकायला लागली, बेल्ट कुणासाठी थांबत नाही. त्याच्या वर लाल दोरी आहे, ओढली की लाइन बंद होते, सुपरवायझर धावत येतो आणि विचारतो काय झालं. मी त्या दोरीकडे बघितलं. मग गन लावली. घर्रर्र. खट्. हिरवा दिवा लागला.

पिवळा पेन काढला, तीन बोल्ट, तीन रेघा. गाडी निघून जायच्या आत मी मनगट पिरगाळून तिन्ही रेघा उजवीकडे झुकवून ओढल्या, बाकीच्यांसारख्या. उद्या कुणी तो दिवा उघडला तर ती रेघ माझी म्हणून ओळखू येऊ नये. ओळखणारा अख्ख्या लाइनवर एकच माणूस होता, आणि तो मी होतो. तेव्हापासून मी रेघ उजवीकडेच ओढतो.