आभाळ मोकळं म्हणणारा गियास

कफर रय्यान गावात गियासच्या तोंडाला लागायला कुणी धजत नसे, आणि त्याचा शब्द आल्याशिवाय कुणी घराबाहेर पाऊलही टाकत नसे. आधी तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. यादवी पेटली तसा पश्चिमेच्या टेकडीवर वायरलेस घेऊन जो बसला तो चार वर्षं बसलाच. सरकारच्या हवाई तळावरून विमान उडालं की वैमानिकांचं बोलणं त्याच्या यंत्रावर यायचं, आणि तो गावातल्या घरोघरच्या वॉकीटॉकीवर ओरडायचा. ओरडायचा कसला, अब्रूच काढायचा. "उम्म सत्तूफ, राहू द्या त्या चादरी दोरीवर. विमान काही चादरी बघायला येत नाहीये. तळघरात व्हा." माणसं हसत हसत जीव घेऊन पळायची. विमान परत गेलं की गियास तीनच शब्द बोलायचा, "आभाळ मोकळं आहे." मग तंदूर पेटायचे, दुकानं उघडायची, लग्नंसुद्धा त्या तीन शब्दांवर लागायची.

वैमानिकांना त्यानं नावं ठेवली होती. एक सारखा शिंकायचा, तो सर्दीवाला. दुसरा परतताना दर वेळी जेवायला काय आहे म्हणून विचारायचा, तो खादाड. दोघांनाही गियास रोज शिव्या घालायचा, अगदी मनापासून. पण ते उडाले की त्याला कळायचं, हे खरं.

एका सकाळची गोष्ट. जैतुनाचा, म्हणजे ऑलिव्हचा, हंगाम ऐन भरात होता. तेलाच्या घाण्यावर पोती घेऊन माणसं जमायची होती. घाणेवाल्यानं विचारलं, बोलावू का सगळ्यांना? गियासनं यंत्राला कान लावला. तळावर चिडीचूप. ना शिंक, ना जेवणाची चौकशी. तो म्हणाला, आभाळ मोकळं आहे.

पाव तासही झाला नसेल. समुद्राकडच्या डोंगरांच्या खिंडीतून काहीतरी आलं. लांबुळकं, आखूड पंखांचं, इतकं खालून की टेकडीवरल्या गियासच्या डोळ्यांसमोरूनच गेलं. त्यात माणूस नव्हता. त्यानं बटण दाबलं, तळघरात व्हा म्हणाला, पण ते शब्द गावात पोचले तेव्हा घाण्याच्या जागी धूळ उभी होती. अकरा माणसं गेली. उम्म सत्तूफचा एकुलता एक मुलगा सत्तूफ त्यातच होता. खांद्यावर पोतं घेऊन दारातच उभा होता.

दुपारी कुणीतरी गियासला मोबाइलवर दाखवलं. निळा समुद्र, करड्या रंगाची परक्या देशाची युद्धनौका, तिच्या पाठीवरून जाळ सोडत एकामागून एक उडणारी क्षेपणास्त्रं. वर बँडचं संगीत. निवेदक छाती फुगवून सांगत होता, शेकडो किलोमीटरवरून अचूक वेध, शत्रूचा अड्डा उद्ध्वस्त.

अड्डा! अरे भाडखाऊंनो, घाण्याला अड्डा म्हणतात होय? गियासच्या अंगाची लाही लाही झाली. सर्दीवाला निदान डोक्यावर येऊन मारायचा, त्याचा आवाज तरी ओळखीचा होता. हे तिकडे पाण्यावर बसून बटण दाबणार, टाळ्या पिटणार, जेवायला जाणार. शिवी घालायची तरी कुणाला, समुद्राला? आणि त्यांच्याहून जास्त राग त्याला स्वतःच्या जिभेचा आला. त्यानं वॉकीटॉकीतली बॅटरी उपसून काढली आणि खिशात टाकली. पुन्हा तोंड उघडणार नाही म्हणाला.

खाली मात्र सगळं अडलं होतं. कबरी खणून झाल्या, जनाजे मशिदीच्या अंगणात ओळीनं ठेवले, आणि माणसं दारादारांत ताटकळत उभी. गियासचा शब्द नाही तर गर्दी करायची नाही, हा गावाचा चार वर्षांचा शिरस्ता. इमामही थांबलेला.

शेवटी उम्म सत्तूफ टेकडी चढून आली. गुडघे धरत, मध्ये दोनदा बसत. आल्या आल्या म्हणाली, "बॅटरी घाल."

"खाला, माझ्या शब्दानं अकरा माणसं मेली."

"मेली त्यांच्या बॉम्बनं. पण तुझ्या शब्दावर माझा सत्तूफ तिथे गेला, हेही खरं. मी तुला माफ केलेलं नाही, समजलास? मरेपर्यंत करणार नाही." तिला धाप लागली होती. "पण तू गप्प बसलास तर उद्या विमानंही येऊन मारतील. माझा गेला म्हणून आता बाकीच्या आयांचे घालवतोस काय?"

गियासनं बॅटरी घातली. बटण दाबलं. मग म्हणाला, "विमान नाही. समुद्रावरून काय सुटलंय ते मला कळत नाही, कधी कळणारही नाही. कुणाला या म्हणणार नाही मी."

खाली कुणी हललं नाही. उम्म सत्तूफनं त्याच्या हातातून वॉकीटॉकी ओढून घेतला.

"ऐका. एका जनाज्याला चारच माणसं. ती परत घरात गेली की मगच पुढचा उचला. बाकी कुणी बाहेर यायचं नाही. एका वेळी चाराहून जास्त आपण त्यांना देणार नाही."

अकरा जनाजे तसेच निघाले, चौघांच्या खांद्यावर, मागे रिकामा रस्ता. सूर्य बुडेपर्यंत ते चाललं. दर जनाज्याआधी गियास सांगत राहिला, विमान नाही, समुद्राचं माहीत नाही. सत्तूफचा नंबर नववा होता. त्याला खांदा देणाऱ्यांत एक त्याची आई होती.