नकाराचं कारण

रसायनीच्या एका कारखान्यात मी मेल सर्व्हर सांभाळते. एका सकाळी गेटवरून फोन आला, "मॅडम, कर्जतकडच्या एक बाई आल्यात. मेल बघणाऱ्यालाच भेटायचं म्हणतात."

बाई पन्नाशीच्या. गावात त्यांची रोपवाटिका. आवारात झाडं लावायची म्हणून आमच्याच कचेरीने त्यांच्याकडे रोपांची यादी मागवली होती. त्यांनी ती तीनदा पाठवली आणि तीनदा मेल परत आला. त्याची छापील प्रत घेऊन, दोन रिक्षा बदलून त्या आल्या होत्या.

"रोपं नको तर नको म्हणा, ताई. आमी काय रागावणार नाय. पन असं इंग्रजीत कशाला हाकलता?"

मी कागद पाहिला. एक आकडा आणि पुढे ‘धोरणानुसार नाकारले’ अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द. ते मीच कधीतरी लिहिले होते, आणि आपलं लिहिलेलं कोणी वाचत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कानशिलं तापली माझी.

शोध घेतला तर बाईंची काहीच चूक नव्हती. ज्या सर्व्हरवरून त्यांचे मेल निघत, त्याच सर्व्हरवरून दुसरा कोणीतरी ढिगाने जाहिराती पाठवत होता. म्हणून आम्ही तो रस्ताच बंद केला होता.

"म्हंजे एकाच टेंपोत बसलो म्हनून मीपन चोर?" बाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी खळखळून हसलो.

त्यांचा पत्ता मी तिथल्या तिथे मोकळा केला. मग जेवणाची सुट्टी सोडून तो नकार नव्याने लिहायला बसले. बाई शेजारीच. प्रत्येक वाक्य मी त्यांना वाचून दाखवायचे.

"‘प्रेषकाची प्रतिष्ठा’ काढा ती," त्या म्हणाल्या. "आमची काय प्रतिष्ठा गेली नाय."

सर्व्हरच्या त्या नकाराच्या ओळीत मराठी घालणं भरवशाचं नव्हतं, अक्षरं मोडायची. म्हणून तिथे दोन सोपी इंग्रजी वाक्यं आणि आमच्या वेबसाइटवरच्या एका पानाचा पत्ता दिला. पानावर मराठीत लिहिलं: तुमचा मेल पोचला नाही. चूक बहुधा तुमची नाही. तुमची मेलसेवा पाहणाऱ्याला हे दाखवा. तरी अडलं, तर आम्हाला फोन करा.

साहेब कुरकुरले. "जाहिरातवाल्यांना आयतीच वाट दाखवताय."

"ते कुठे वाचतात, सर? वाचतात ते अडलेले."

बाईंची यादी दुसऱ्या दिवशी पोचली. विषयाच्या जागी लिहिलं होतं: ‘आता तरी घ्या गं’. जांभूळ, करंज, बकुळ, सगळी रोपं आली आणि आवारात लावूनही झाली.

पुढच्या आठवड्यात शिळफाट्याच्या एका गॅरेजवाल्याचा फोन आला. त्याचाही मेल अडला होता. अडचण सांगायच्या आधी तो म्हणाला, "मॅडम, तुमचा नकार बायकोला वाचून दाखवला. लय बरं वाटलं."

त्या दिवशी मी घरी जाताना पेढे नेले.