जाकीटवाल्याचा नंबर

माझा राग लवकर जात नाही. हा असा कुणावर गेलास, असं आई मला लहानपणापासून विचारत आली आहे. त्या जाकीटवाल्यावरचा राग तर अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

साखरखेर्ड्याला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. शेत गावाकडे, आईच्या ताब्यात. वडील गेल्यापासून कपाशीचं सगळं तीच बघते, बियाण्याचं पाकीट निवडण्यापासून जिनिंगच्या काट्यापर्यंत. बीटी लावली की बोंडअळीची कटकट संपली, असं सुरुवातीला सगळेच सांगायचे. मग गुलाबी अळी आली, आणि तिच्या मागोमाग सल्ले देणारे आले. त्यातलाच हा एक. हिरवं जाकीट घालून त्याने गावात मेळावा भरवला, सगळ्यांना टोप्या वाटल्या आणि एकेकाचा फोन हातात घेऊन त्यात पीकसल्ल्याचं ॲप टाकून दिलं.

"मावशी, एक महिना फुकट हाये. फक्त एक रुपया कापून पाहा लागते, खातं चालू हाये का नाई ते."

आईने पिन दाबला. पुढचे पैसे आपोआप कापायची परवानगीही त्याच पिनमध्ये गेली, हे त्याने सांगितलं नाही.

ॲपचे सल्ले काय वर्णावेत! शेतात पाऊस कोसळत असताना ते आईला फवारणी करा म्हणून सांगायचं. कंटाळून तिने बियाण्याच्या दुकानासमोर त्या जाकीटवाल्याला गाठलं. आमच्याकडे नको म्हणायची रीत ठरलेली आहे. सालदार असो, दूधवाला असो, माणसाला तोंडावर, चार लोकांदेखत सांगितलं की विषय संपतो.

"बाबू, मले नाई पाह्यजे तुयं ते. बंद कर."

"हाव मावशी, झालं समजा."

वर तिने त्याला चहा पाजला. मीही आईच्या फोनमधून ते ॲप काढून टाकलं. पीडा टळली, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

दिवाळीच्या आसपास कपाशी फुटली. आईने शेतात सीतादहीची पूजा केली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि वेचणीला बाया लावल्या. वेचणीची मजुरी बाजाराच्या दिवशी द्यायची असते, कारण त्याच पैशांत बायांचा आठवड्याचा बाजार होतो. आईने ती रक्कम खात्यात वेगळी राखून ठेवली होती. बाजाराच्या दिवशी ती गावातल्या बँकमित्राकडे गेली, मशीनवर अंगठा लावला, तर खातं जवळपास रिकामं. ॲपवाल्यांनी वर्षभराची वर्गणी एकदम कापून घेतली होती.

बाया पिशव्या घेऊन आमच्या ओट्यावर बसलेल्या. आईने हात जोडून उद्यापर्यंत थांबा म्हटलं. त्यांची मुकादमीण उठून उभी राहिली. "वयनी, बजार त आज हाये न. उद्या लेकरायले काय घालू?"

आईने मला फोन केला तोवर बाया उठून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी पैसे घेऊन पोचलो तेव्हा बाया दुसऱ्याच्या शेतात लागल्या होत्या. मजुरी त्यांनी घेतली, पण परत यायला नकार दिला. एकदा झालं ते पुन्हा होईल, असं त्यांचं म्हणणं. आमची कपाशी झाडावरच लोंबत राहिली. पण आईचं दुःख त्या कपाशीचं नव्हतं. इतक्या वर्षांत एकही बाई तिच्या दारातून रिकाम्या हाताने गेली नव्हती. "गावात म्हनून राह्यले, बायायची मजुरी बुडवली," एवढंच ती म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही.

मी बँकेत गेलो. परवानगी तुमचीच आहे, म्हणाले. कंपनीच्या हेल्पलाइनवर एक गोड आवाज होता. "आपली विनंती नोंदवली आहे. कृपया धीर धरा." रोज तीच विनंती, रोज तोच आवाज. शेवटी जाकीटवाल्यालाच फोन लावला.

"माहं काम फक्त चालू करून द्याचं हाये," तो म्हणाला. "बंद कराचं वरचं ऑफिस पाह्यते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच दिवशी मी मशीन लावलं आणि पिवळ्याधमक फ्लेक्सचे बोर्ड छापले: 'कापूस वेचणीसाठी बाया मिळतील. कितीही एकर. गाडीभाडे आमचे.' खाली ठळक आकड्यांत जाकीटवाल्याचा नंबर. बाजारात, जिनिंगच्या फाटकावर, बीबी गावाच्या रस्त्यावर, जागा दिसेल तिथे टांगले. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे सोनं मिळेल, पण वेचायला बाई मिळत नाही. कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नावही छापलं. बदला कुणी घेतला ते कळलं नाही, तर त्यात मजा काय?

चारच दिवसांत तो माझ्या दुकानात आला, डोळे लाल, हातातला फोन वाजतोच आहे. पहाटेपासून सगळा तालुका त्याला बाया मागत होता. नाही म्हटलं की लोक भाव वाढवून पुन्हा फोन करत होते. नंबर बदलावा तर कंपनीचं सगळं काम त्याच नंबरावर.

"भाऊ, पाया पडतो, बंद करा ना हे."

"आपली विनंती नोंदवली आहे," मी म्हणालो. "कृपया धीर धरा." इतकं समाधान मला आयुष्यात क्वचितच मिळालं असेल.

मग मात्र वरचं ऑफिस हललं. पैसे आईच्या खात्यात परत आले. ते आल्यावर त्याला मी घरी नेलं आणि आईच्या फोनवरून पुढची कपातही बंद करून घेतली. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये एका कोपऱ्यात ती परवानगी दडलेली होती. दोनदा बोट लावलं आणि संपलं. एवढ्यासाठी त्यांनी आम्हाला नाक घासायला लावलं होतं.

"पैसे आले ते बरं झालं," आई त्याला म्हणाली. "आता बजाराच्या दिशी ये आन् बायायले सांग."

तो आला. आमच्या ओट्यासमोर, सगळ्या बायांदेखत, मान खाली घालून म्हणाला, "मावशीनं मजुरी ठेवली होती. आमच्या कंपनीनं कापली. मावशीची काही चूक नाई."

मुकादमिणीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मंग त्याच दिशी काऊन नाई सांगतलं बे?" ती आईकडे वळली. "उद्या येतो, वयनी."

बाया गेल्या, तोही मोटारसायकलला किक मारून गेला. आई कापूस तोलायचा काटा पुसायला बसली. तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता. आता पुरे झालं, असं ती म्हणणार, या अंदाजाने मीच विचारलं, "बोर्ड उतरवून टाकू ना सगळे?"

आईने काट्यावरून नजर न उचलता सांगितलं, "बाकीचे उतरव. बीबीच्या रोडचा राहू दे."